पॉवर मीटर पुन्हा पुन्हा चुकीचे वॅट दाखवतो: दोष शोधायचा कसा

सायकलवर पायाची ताकद वॅटमध्ये दाखवणाऱ्या पॉवर मीटरबद्दल तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: "परवा २३० वॅटचे इंटरव्हल सहज झाले, आज २१० लाच जीव निघाला. मीटर बिघडलाय." मग सेल बदलला जातो, मीटर हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरमधून काढून पुन्हा जोडला जातो. दोन-तीन राईड बऱ्या जातात आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. याचं कारण सोपं आहे. उपाय आधी केला जातो आणि चूक कोणत्या जातीची आहे हे कुणी पाहतच नाही.

पॉवर मीटरच्या चुका ढोबळमानाने तीन जातींच्या असतात. पहिलीत शून्यच सरकलेलं असतं, म्हणून प्रत्येक फेऱ्यात ठरावीक टॉर्क (फिरवणारा जोर) जास्त किंवा कमी धरला जातो. दुसरीत आकडा टक्केवारीने चुकतो: १०० च्या जागी १०४ आणि ३०० च्या जागी ३१२. तिसरीत आकडा मधूनच गायब होतो किंवा भलतीच उडी मारतो. एका जातीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. नवा सेल टाकून क्रँकची (पेडलच्या दांड्याची) चुकीची भरलेली लांबी दुरुस्त होत नाही, आणि दहा वेळा कॅलिब्रेट केलं (मीटरचं शून्य पुन्हा ठरवलं) म्हणून सैल पेडल घट्ट होत नाही.

मीटर नक्की काय मोजतो

मीटर थेट वॅट मोजत नाही, तो धातूचा वाक मोजतो. क्रँकला, स्पायडरला (क्रँकला चेनरिंग, म्हणजे पुढची दातेरी चकती, जोडणारा भाग) किंवा पेडलच्या आसाला स्ट्रेन गेज (ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या) चिकटवलेले असतात. पाय दाबला की धातू डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, गेजचा विद्युतरोध किंचित बदलतो आणि त्यावरून टॉर्क काढला जातो. टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट मिळतात. उलरिख शोबरर यांनी १९८६ मध्ये जर्मनीत एसआरएम सुरू केली, तेव्हापासून सायकलवरच्या बहुतेक मीटरचं तत्त्व हेच राहिलं आहे. म्हणजे वॅट चुकले तर टॉर्क तरी चुकलाय किंवा केडन्स (मिनिटाला पायाचे फेरे) तरी. तिसरी शक्यता म्हणजे मोजलेलं सगळं बरोबर आहे, पण ते कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाहीये.

पहिली जात: शून्य सरकणं

सर्वांत जास्त वेळा आढळणारा आणि सर्वांत कमी समजून घेतला जाणारा दोष हाच आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

वाण्याच्या रिकाम्या तराजूत पासंग असेल, तर पाव किलो घ्या नाहीतर पाच किलो, चूक तेवढीच राहते. मीटरचंही तसंच आहे. पेडलवर पाय नसताना जो टॉर्क दिसतो त्याला मीटर शून्य मानतो. ते शून्य १ न्यूटन-मीटरने सरकलं, तर ९० च्या केडन्सला साधारण ९.४ वॅटचा फरक पडतो आणि ६० च्या केडन्सला ६.३ वॅटचा. फक्त डाव्या क्रँकवर बसणारा मीटर डावीकडचा आकडा दुप्पट करून दाखवतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा फरकही दुप्पट होतो, म्हणजे ९० ला जवळजवळ १९ वॅट. ज्याचा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे वॅट) २२० आहे त्याच्यासाठी हा सरावाच्या एका झोनमधून दुसऱ्यात जाण्याइतका फरक आहे. रिकव्हरी राईडच्या १२० वॅटमध्ये १९ वॅटची चूक झाली, तर त्या राईडच्या आकड्यांना काही अर्थच राहत नाही.

शून्य सरकण्याचं मुख्य कारण तापमान. धातू तापला की प्रसरण पावतो, गेजही त्याच्याबरोबर ताणले जातात आणि मीटरला ते पायाच्या दाबासारखंच दिसतं. चांगल्या मीटरमध्ये तापमानाची भरपाई करण्याची सोय असते, पण तापमान झपाट्याने बदललं किंवा क्रँकची एकच बाजू तापली, तर ती भरपाई कमी पडते. आपल्याकडे तापमान असं बदलण्याचे प्रसंग रोजचे आहेत. पुण्यात किंवा नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी ३० च्या जवळ जातो. सायकल रात्रभर उबदार खोलीत असते, घरातच कॅलिब्रेशन उरकलं जातं आणि आपण थंडीत बाहेर पडतो. किंवा एसी लावलेल्या गाडीतून सायकल घाटाच्या पायथ्याशी नेली जाते, खाली उतरवून लगेच शून्य केलं जातं आणि मग काळ्या क्रँकवर ऊन पडायला लागतं. पुणे ते गोवा अशी डेक्कन क्लिफहँगरसारखी लांब पल्ल्याची शर्यत असेल, तर रात्रीचा गारवा आणि किनाऱ्याकडचा उकाडा हे सगळं एकाच राईडमध्ये भेटतं.

म्हणून शून्य घरात करू नका. सायकल बाहेर काढा, १५-२० मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, तोवर हवा भरणं आणि बाटल्या लावणं उरका आणि मग शून्य करा. सायकल सरळ उभी असावी, पेडलवर पाय नसावा, बुटाचे क्लीट पेडलमधून सुटलेले असावेत. क्रँक कुठल्या स्थितीत ठेवायचा ते कंपनीप्रमाणे बदलतं. बऱ्याच मीटरना तो उभा लागतो, तेव्हा आपल्या मीटरची पुस्तिका एकदा नीट वाचा. लांब राईडला निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासानंतर एकदा, आणि ऊन चढल्यावर चहाच्या थांब्यावर आणखी एकदा शून्य करा. याला एक मिनिटही लागत नाही. काही मीटर पेडल मारणं थांबवलं की शून्य आपोआप तपासतात. पण सलग चढावर तुम्ही तासभर पाय थांबवतच नसाल, तर त्या सोयीला काम करायला संधीच मिळत नाही.

शून्य केल्यावर बहुतेक कॉम्प्युटर एक आकडा दाखवतात. तो बहुतेक जण बघतात आणि विसरतात. माझा आग्रह आहे की तो वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा, सोबत तारीख आणि तापमानही. आकड्याचं एकक कंपनीप्रमाणे वेगळं असतं, तेव्हा मित्राच्या मीटरशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. तुमचा आकडा तुमच्याच जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. महिनाभर लिहिलंत की नेहमीचा पल्ला कळतो. तापमान बदललं म्हणून आकडा थोडा हलणं ठीक आहे. पण तापमान तेच असताना आकडा दर वेळी वेगळा येत असेल, किंवा एकाच जागी पाठोपाठ तीनदा शून्य करून तीन वेगळे आकडे येत असतील, तर गेज सुटत चाललाय, आत पाणी शिरलंय किंवा पेडल अथवा क्रँक नीट बसलेला नाही असं समजा.

इथे एक गल्लत फार होते. उन्हात दीड-दोन तास झाल्यावर त्याच वॅटला नाडी वाढते, शरीराला ते जड जाऊ लागतं आणि दोष मीटरवर ढकलला जातो. घाम गेल्यामुळे आणि उष्णतेमुळे असं होणं स्वाभाविक आहे. ते शरीराचं लक्षण आहे, यंत्राचं नव्हे. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर थांबा, सायकलवरून उतरा, शून्य करा आणि सकाळचा आकडा आठवा. आकडा जागचा हलला नसेल तर पाणी प्या, मीठ-साखर घ्या आणि वेग कमी करा. आकडा बराच सरकला असेल तर मीटरकडे पाहा.

दुसरी जात: टक्केवारीची चूक

"रोड बाईकवर मी तगडा, टीटी (टाइम ट्रायल) बाईकवर कमजोर" असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न क्रँकच्या लांबीचा असतो. पेडलमधला मीटर जोर मोजतो आणि त्याला क्रँकच्या लांबीने गुणून टॉर्क काढतो. ती लांबी त्याला आपणच सांगायची असते. एका सायकलवर १७२.५ मिलिमीटरचे क्रँक आणि दुसरीवर १६५ चे असतील आणि पेडल बदलताना नोंद बदलली नाही, तर आकडे साडेचार टक्क्यांच्या आसपास फुगतात किंवा घटतात. १७० आणि १७२.५ मध्येसुद्धा जवळपास दीड टक्का जातो. आता आखूड क्रँक वापरण्याकडे कल वाढल्यामुळे ही चूकही वाढली आहे. शिवाय काही कॉम्प्युटर जोडणी करताना स्वतःकडची लांबी मीटरला पाठवतात, तेव्हा ॲपमध्ये बरोबर आकडा भरूनही तो पुसला जाऊ शकतो. म्हणून दोन्हीकडे तपासा. क्रँकची लांबी त्याच्या आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ कोरलेली असते. स्पायडरमधला मीटर थेट टॉर्क मोजतो, त्याला या लांबीशी देणंघेणं नसतं.

डाव्या बाजूच्या मीटरची एक अडचण कॅलिब्रेशनने सुटत नाही. तुमचा डावा पाय ५२ टक्के काम करत असेल, तर २०० खऱ्या वॅटचे २०८ दिसतात. हा असमतोल कायम सारखा राहिला असता तर प्रश्न नव्हता, पण अनेकांचा तो थकल्यावर किंवा जोर वाढवल्यावर बदलतो. गुडघ्याच्या दुखण्यानंतर तर हमखास बदलतो. अशा वेळी "माझी ताकद घटली" या निष्कर्षावर घाईने येऊ नका. अंडाकृती चेनरिंग लावली असेल, तर जे मीटर एका फेऱ्यात वेग सारखाच धरतात ते काही टक्के जास्त दाखवतात. गोल चेनरिंगचे जुने आकडे त्यांच्यासमोर ठेवू नका.

पेडल बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला रेंचने घट्ट करा. "हाताला घट्ट लागलं" हे पुरेसं नाही. नव्याने बसवलेलं पेडल किंवा क्रँक पहिल्या काही जोरकस स्प्रिंटमध्ये आपल्या जागेवर बसतं, म्हणून चार-पाच स्प्रिंट मारून पुन्हा शून्य करा. स्पायडरच्या मीटरमध्ये चेनरिंगचे बोल्ट सैल झाले तरी हेच होतं.

पहिली की दुसरी, हे ठरवायची युक्ती

स्मार्ट ट्रेनर (घरात सायकल जागेवरच चालवायचं, वॅट मोजणारं यंत्र) असेल तर काम सोपं होतं. दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप करा, मीटर शून्य करा आणि ट्रेनरला गरज असेल तर त्याचंही स्पिनडाऊन (त्याचं स्वतःचं कॅलिब्रेशन) करा. मीटर एका कॉम्प्युटरवर आणि ट्रेनर दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर नोंदवा. पाच मिनिटं हलक्या गिअरवर ९५ केडन्सने १०० वॅट मारा, मग पाच मिनिटं जड गिअरवर ६० केडन्सने ३०० च्या जवळ जा. इतकं झेपत नसेल तर २२० वरही चालेल.

हलक्या भागात मीटर १२ वॅट जास्त आणि जड भागात ७-८ वॅट जास्त दाखवत असेल, तर शून्य सरकलंय. हलक्या भागात ४ आणि जड भागात १२ जास्त दिसत असेल, तर फरक टक्केवारीचा आहे. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. चेन आणि गिअरमध्ये थोडी ताकद खर्च होते, त्यामुळे पेडलचा किंवा क्रँकचा आकडा ट्रेनरपेक्षा दोन ते चार टक्के जास्त असणं अपेक्षितच आहे. दोन्ही तंतोतंत जुळले तरच मीटर बरोबर, असं समजून कुणी चांगल्या मीटरच्या मागे लागू नये.

ट्रेनर नसेल तर घाट आहे. चढावर बहुतेक ताकद वजन वर नेण्यातच जाते आणि तो हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. समजा तुम्ही, सायकल, बाटल्या, बूट, हेल्मेट मिळून ८५ किलो, चढ ६०० मीटर उंचीचा आणि ९ किलोमीटर लांबीचा, आणि तुम्ही तो ४० मिनिटांत चढलात. ८५ गुणिले ९.८१ गुणिले ६००, भागिले २,४०० सेकंद: सुमारे २०८ वॅट. टायरच्या घर्षणाचे १५-१६, त्या संथ वेगाला हवेचे १० आणि चेनमध्ये जाणारे थोडे धरले, तर पेडलवर २४० च्या आसपास यायला हवेत. या अंदाजातही चार-पाच टक्के इकडेतिकडे होतं. मीटर २३२ किंवा २४७ दाखवत असेल तर त्याला सोडा. २१५ दाखवत असेल तर मात्र शोध सुरू करा. पुणेकरांना सिंहगडाचा रस्ता आहे, वाईकडून चढताना पसरणी घाट आहे. वारा पडलेला असताना पहाटे जा, कुणाच्या मागे चिकटून चढू नका, आणि निघण्यापूर्वी सगळं सामान घेऊन वजनकाट्यावर उभे राहा. या हिशेबात सगळ्यात जास्त गोंधळ चुकीच्या वजनामुळे होतो.

ज्या मीटरच्या ॲपमध्ये टॉर्क थेट दिसतो, त्यांच्यासाठी आणखी पक्की परीक्षा आहे. मागचा ब्रेक आवळून बांधा, क्रँक आडवा करा आणि नेमकं माहीत असलेलं वजन पेडलच्या आसाला दोरीने टांगा. २० किलो आणि १७२.५ चा क्रँक असेल तर ३३.८ न्यूटन-मीटर यायला हवेत. काही डाव्या मीटरची ॲप दुप्पट करून दाखवतात, ते ध्यानात घ्या. जिममधल्या वजनांवर छापलेला आकडा खरा मानू नका, किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर तोलून घ्या.

तिसरी जात: आकडा गायब होणं आणि उड्या

इथे राईडची फाईल उघडून आलेख बघणं हाच खरा तपास आहे. गोल्डनचीता हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे. चढावर वेग चालू आहे, पण पॉवर आणि केडन्स दोन्ही एकदम शून्यावर पडले, तर संदेश पोचत नाहीये किंवा सेल मान टाकतोय. केडन्स नीट आहे आणि पॉवरच शून्य आहे, तर मोजणाऱ्या भागात दोष आहे. दोन्ही पेडलच्या मीटरमध्ये वॅट अचानक निम्मे झाले आणि डाव्या-उजव्या पायाचा समतोल १००-० दिसला, तर एका पेडलचा संपर्क तुटला आहे. खडबडीत रस्त्यावर केडन्स १५०-१८० दाखवून वॅट आकाशाला भिडत असतील, तर केडन्स मोजणारा सेन्सर धक्क्यांनी फसतोय; त्यासाठी आधी फर्मवेअर (मीटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा.

सेलबद्दल थोडं सविस्तर. सीआर२०३२ सारखा लिथियम सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या टक्क्यांवर विसंबू नका. थंडीत व्होल्टेज आणखी खाली जातं, म्हणून पहाटे बंद पडलेला मीटर दुपारी चालू होतो आणि माणूस गोंधळात पडतो. सेल ओळखीच्या दुकानातून, सीलबंद पाकिटातलाच घ्या. लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून काही सेलवर कडू लेप असतो, त्यामुळे काही उपकरणांत संपर्क नीट होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडेचा लेप पुसून मग बसवा. सेल बदलल्यावर शून्य करायला विसरू नका.

मुंबई, कोकण, गोवा इथल्यांसाठी खरा शत्रू खारी हवा आहे. सेलच्या खणातल्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो आणि संपर्क अधूनमधून तुटतो. महिन्यातून एकदा झाकण उघडून पत्रे पुसा. रबराची रिंग चिरली किंवा चपटी झाली असेल तर बदला, आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. पावसाळ्यात राईडनंतर मीटर कोरडा पुसा, झाकणाच्या आत दमटपणा दिसला तर सेल काढून रात्रभर उघडं ठेवा. घरात ट्रेनरवर चालवणाऱ्यांनीही हे करावं, कारण घाम पावसाच्या पाण्यापेक्षा जास्त गंजवतो. गाड्या धुण्याच्या प्रेशर गनखाली मीटर कधीही धरू नका.

संदेशाचा घोळ असेल तर आधी मीटर एकाच मार्गाने जोडा. ब्लूटूथवर एका वेळी मोजकीच उपकरणं जोडली जातात. पडद्यामागे फोनमधलं ॲप मीटरला धरून बसलेलं असेल तर कॉम्प्युटरला तो सापडत नाही. एएनटी प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीला ही मर्यादा नाही, पण ग्रुप राईडच्या सुरुवातीला घोळक्यात जोडणी करू नका. शेजाऱ्याचा मीटर जोडला गेला तर त्याचे वॅट तुमच्या नावावर जमा होतील. घरी, एकट्याने, मीटरचा क्रमांक बघून जोडा.

कॉम्प्युटरची एक सेटिंग बऱ्याच वादांचं मूळ असते: सरासरीत शून्यं धरायची की नाही. पॉवरच्या सरासरीत शून्यं धरलीच पाहिजेत. ती वगळली तर घाट उतरतानाचा सगळा वेळ हिशेबातून जातो आणि सरासरी फुगते.

दुरुस्तीला पाठवताना आणि जुन्या फाइलींचं काय

पाठोपाठ शून्य करून आकडे जुळत नसतील, पेडलचा आस हाताला हलत असेल, किंवा दोन्ही चाचण्यांत टक्केवारीची चूक ठाम दिसूनही लांबी आणि बसवणं बरोबर असेल, तर घरगुती उपाय थांबवा आणि कंपनीला लिहा. "आकडे बरोबर वाटत नाहीत" एवढंच लिहिलंत तर उत्तरात सेल बदलायचा सल्ला येतो. दोन कॉम्प्युटरवर नोंदवलेल्या एकाच राईडच्या फाइली, शून्याच्या आकड्यांची वही, क्रँकची लांबी, फर्मवेअरची आवृत्ती आणि टांगलेल्या वजनाचा निकाल सोबत द्या. एवढं हाती आल्यावर समोरच्यालाही दोष कुठे शोधायचा ते कळतं.

चूक सापडल्यावर एफटीपी लगेच बदलू नका. दुरुस्त झालेल्या मीटरवर आधी नव्याने चाचणी द्या. जुन्या राईडमध्ये चूक टक्केवारीची होती आणि ती कुठल्या तारखेपासून सुरू झाली ते माहीत असेल, तर गोल्डनचीतामध्ये त्या फाइलींचे वॅट त्या प्रमाणात बदलता येतात. शून्य सरकल्याची चूक असेल तर टॉर्कमध्ये दुरुस्ती करण्याची सोयही तिथे आहे, पण शून्य किती सरकलं होतं हे वहीत असेल तरच. नोंद नसेल तर अंदाजाने काही बदलू नका. त्या राईडला "पॉवर अविश्वसनीय" अशी खूण करा आणि तिथला सराव नाडी आणि वेळ यांवरून धरा.